गळ माझ्याच हातात

मी ऑस्टिनला फिशिंग गाईड आहे म्हटलं की नाशिकचे नातेवाईक अजून एकदा विचारतात, म्हणजे नक्की काय करतोस? अकरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, मग एका शुक्रवारी दुपारी कंपनीने पंधरा मिनिटांच्या कॉलवर घरी बसवलं, आणि शनिवार-रविवारचा छंद होता तो पोटापाण्याचा धंदा झाला. टेक्सास राज्याचं गाईडचं लायसन काढलं, तीन कयाक घेतले, आणि आता लोकांना लेडी बर्ड लेकवर नेऊन बास मासा पकडायला शिकवतो. पेट्रोलच्या बोटींना या तळ्यात बंदीच आहे त्यामुळे कयाकवाल्यांची चंगळ असते. शहराच्या मधोमध असूनसुद्धा वरच्या टोकाला सकाळी नुसता वल्ह्याचा आवाज येतो.

गेल्या मार्चमधली गोष्ट. एका मराठी मुलीने नवऱ्याच्या वाढदिवसाला ट्रिप बुक केली होती, आणि आदल्या रात्री तिचा मेसेज, आई अलिबागहून आलीये, ती पण येईल, नुसती बसेल. मी म्हटलं बसू दे की, पण हातात रॉड घेणार असेल तर लायसन काढून ठेवा, पाहुण्यांनाही लागतं. सकाळी सातला रेड बड आयलच्या उतारावर हे दोघं हजर. जावई नखशिखांत नव्या फिशिंगच्या कपड्यात, शर्टाचं लेबल कॉलरमधून बाहेर आलेलं. आणि सासूबाई पंजाबी ड्रेस, पायात स्पोर्ट्स शूज, गळ्यात लेकीने अडकवलेला मोबाईलचा पाउच. बेटावरच्या रेडबडच्या झाडांना पानं यायच्या आधी गुलाबी फुलं येतात ती नेमकी फुललेली, त्यामुळे पहिली पंधरा मिनिटं फोटोतच गेली.

जावयाला एकट्याचा कयाक दिला आणि मावशींना माझ्या डबल कयाकमधे पुढे बसवलं. निघताना माझं ठरलेलं भाषण असतं: लाइफ जॅकेट काढायचं नाही, उभं राहायचं नाही, बसल्या जागी मागे वळायचं नाही, आणि मासा हातात धरायची वेळ आली तर अंगठा त्याच्या खालच्या जबड्यात घालून धरायचं, बासचे दात कानशीसारखे बारीक असतात, चावत नाहीत नुसते घासतात, आणि जबडा धरला की तो बराचसा गप्प होतो. जावई मोबाईलवर व्हिडिओ काढत होता. मावशी ऐकत होत्या. हे नंतर फार कामाला आलं.

वाटेत गप्पा. लेडी बर्ड म्हणजे कुठला पक्षी हो? पक्षी नाही मावशी, जॉन्सन राष्ट्राध्यक्ष होते ना, त्यांच्या बायकोचं नाव पडलं होतं ते. खरं तर ही कोलोरॅडो नदीच आहे, १९६० मधे खाली लाँगहॉर्न धरण बांधलं आणि नदीचं तळं झालं, तेव्हा नुसतं टाउन लेक म्हणायचे. काठावरची झाडं, पायवाट, फुलं या सगळ्यामागे बाई लागल्या होत्या, पण जिवंत असेपर्यंत माझं नाव देऊ नका म्हणाल्या, म्हणून २००७ मधे त्या गेल्यावर दिलं. मावशी म्हणाल्या, आमच्याकडे माणूस जिवंत असताना चौकात फ्लेक्स लावतात, गेल्यावर काढतात.

मावशी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या हे पण तेव्हाच कळलं. मी हो का, वा वा म्हटलं आणि वल्हवत राहिलो.

आता जरा माशाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मार्चमधे पाणी कोमट व्हायला लागतं आणि लार्जमाउथ बास अंडी घालायला खोल पाण्यातून काठाच्या गवताकडे सरकतात, भुकेले असतात, रागीट असतात, वर्षभरातले मोठे मासे याच दिवसांत लागतात. नवख्या माणसाला मी नेहमी रबरी किडा देतो, त्यात एकच हुक असतो आणि त्याचं टोकही रबरात लपवलेलं असतं, गवतात अडकत नाही आणि माणसात पण घुसत नाही. पण रबरी किड्याला मासा लागला की दोरीला टिचकी मारल्यासारखं एवढंसंच जाणवतं, ते मावशींना काही केल्या कळेना. तासभर झाला. तिकडे जावयाने दोन छोटे पकडले आणि दोन्ही वेळा आई बघा आई बघा करून ओरडला. मग मला कसंतरीच वाटलं आणि मी माझ्या स्वतःच्या डब्यातून लाल लिपलेस क्रँकबेट काढून मावशींच्या दोरीला बांधलं.

हे म्हणजे बोटभर लांबीचा चपटा प्लास्टिकचा मासा, पोटात छर्रे, ओढला की खुळखुळ्यासारखा वाजतो. टेक्सासमधे या दिवसांत लाल रंगावर लोकांची श्रद्धाच आहे, तळाशी झिंग्यासारखे क्रॉफिश असतात त्यांच्यासारखा दिसतो म्हणून. टाकायचा, जरा बुडू द्यायचा, गुंडाळत यायचं, गवतात अटकला की झटका देऊन सोडवायचा, आणि सुटल्या सुटल्या मासा धडकतो. शिकवायला सोपा. फक्त त्याला दोन ट्रेबल असतात, म्हणजे तीन-तीन टोकांचे दोन गळ, पोटाला एक शेपटीला एक. पाहुण्यांच्या डब्यातल्या गळांचे उलटे काटे, म्हणजे टोकामागचे ते काटे ज्यांच्यामुळे घुसलेला गळ मागे निघत नाही, मी पक्कडीने दाबून सपाट केलेले असतात. माझ्या डब्यातल्यांचे नाही. ही झाली चूक नंबर एक.

चौथ्या की पाचव्या फेकीला रॉड वाकला. मावशी म्हणाल्या, अडकलं परत. आणि ते अडकलेलं चालायला लागलं. मी ओरडतोय टोक वर ठेवा टोक वर, मासा कयाकखालून पलीकडे, परत अलीकडे, एकदा पाण्याबाहेर येऊन डोकं झटकलं तेव्हा दिसला, जबडा डोळ्याच्याही मागेपर्यंत फाकलेला, अंगावरून काळा पट्टा. बावीस इंच तरी होता, म्हणजे साधारण सहा पौंड. मावशी म्हणतात, अगोबाई, जिताडाच आहे की! (जिताडा वेगळ्या कुळातला, पण त्या क्षणी कोण वाद घालणार.) जाळं माझ्या पाठीमागे नांगराच्या दोरीत गुंतलेलं, एका हाताने ओढलं, निघेना. मासा दमून माझ्या डाव्या बाजूला आला आणि मी वाकून डावा अंगठा त्याच्या जबड्यात घातला. ट्रेबलवाला मासा हाताने धरू नये हे मी वर्षाला शंभर लोकांना सांगतो. चूक नंबर दोन.

माशाने डोकं झटकलं. पोटाचा ट्रेबल त्याच्या तोंडात, शेपटीचा मोकळा, तो माझ्या अंगठ्याखालच्या मांसल भागात गेला, उलट्या काट्यासकट. आवाज नाही काही नाही, आधी नुसतं ढकलल्यासारखं वाटलं. मग माशाने दुसऱ्यांदा झटकलं आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. आता एका टोकाला सहा पौंडाचा जिवंत मासा आणि दुसऱ्या टोकाला मी. सोडावं तर तो माझ्या हातावर लटकून नाचणार, धरावं तर त्या बोटांत जोर राहिला नव्हता.

गाईड म्हणून अशा वेळी काय करायचं हे मला पाठ आहे. मी काहीच केलं नाही. घाम सुटला, कानात कुई असा आवाज यायला लागला, आणि समोरची मावशींची पाठ लांब लांब जायला लागली.

मावशींनी मान वळवून पाहिलं आणि पहिलं वाक्य म्हणजे, हलू नकोस. सकाळपासून अहो तुम्ही चाललं होतं, ते तिथे संपलं. मी वळायचं नाही सांगितलेलं असून ही बाई दोन्ही पाय एका बाजूने पाण्यात सोडून, मग एक पाय पलीकडे टाकून, घोड्यावर उलटं बसल्यासारखी माझ्यासमोर! कयाक जरासुद्धा डुलला नाही. म्हणाल्या, खाली बघू नकोस, मान गुडघ्याकडे टाक आणि लांब श्वास घे, चक्कर येईल तुला. आणि सकाळच्या भाषणात सांगितलं होतं तस्सा अंगठा माशाच्या जबड्यात घालून घट्ट धरला. मासा थांबला. माझा उजवा हात मोकळा होता, पक्कड लाइफ जॅकेटलाच अडकवलेली, दोन प्रयत्नांत त्याच्या तोंडातला गळ निघाला. मावशींनी मासा पाण्यात धरला, कल्ले दोनदा हलले, आणि गेला. मोजला नाही, फोटो नाही, काही नाही.

मग लूर, म्हणजे तो प्लास्टिकचा मासा, सुटा केला, अडकलेल्या ट्रेबलची बाकीची दोन टोकं पक्कडीच्या कात्रीने कापून टाकली, आणि आम्ही दोघं तिथेच त्या गळाकडे बघत बसलो.

मावशी म्हणाल्या, कोळीवाड्यातली पोरं यायची आमच्याकडे असला गळ घुसवून, आम्ही बधिर करायला लिग्नोकेन द्यायचो, गळ पुढेच ढकलायचा, टोक कातडीतून बाहेर आलं की काटा कापायचा आणि उरलेला मागे घ्यायचा. मी म्हटलं मावशी लिग्नोकेन कुठंय. मग मी दोरीची पद्धत सांगितली, जी मी दुसऱ्यांवर दोनदा केलीये आणि स्वतःवर कधीच नाही. गळाच्या वाकड्या भागात जाड दोरीचा फास घालायचा, दुसऱ्या बोटाने गळाची दांडी कातडीवर खाली दाबून धरायची म्हणजे आतला काटा मांसातून सुटतो, आणि दोरी कातडीला समांतर, गळ आला त्याच दिशेने मागे, एका झटक्यात. डोळ्याजवळ किंवा सांध्यावर हे करायचं नाही, तिथे गपचूप दवाखाना गाठायचा. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, दार लावून दात पाडतात तसं. मग गंभीरपणे, दांडी किती दाबायची? अंगठा वाकवून दाखव. बधिर वाटतंय का? मी सगळं दाखवलं.

गळ उडून डोळ्यात जाऊ नये म्हणून माझा गॉगल त्यांना दिला. पोलराइज्ड असतो, पाण्यावरची चमक कापतो. तो घालून मावशींनी सहज बाजूला पाहिलं आणि एवढ्या सगळ्यात, अय्या! खालचं गवत दिसतंय की रे, मासे पण दिसतायत, हे सकाळी का नाही दिलंस? मी काय बोलणार.

फास घातला. दांडी दाबली. मी डोळे मिटले. डावखुरा आहेस का, मावशींनी विचारलं. मी म्हटलं नाही हो, उजव्या

झालं. काडी मोडल्यासारखा बारीक टक्क असा आवाज, बस. दुखलं ते घुसताना, निघताना नाही. गळ कुठे उडाला ते आम्हाला दिसलंच नाही, कयाकमधे शोधला, माझ्या टोपीत शोधला, शेवटी मावशींच्याच लाइफ जॅकेटच्या खांद्यात रुतलेला सापडला. मावशींनी जखम दाबून थोडं रक्त वाहू दिलं, प्यायच्या बाटलीतल्या पाण्याने भरपूर धुतली, माझी फर्स्ट एडची पिशवी उघडून बघितली आणि त्यातलं मलम एक्सपायर झालेलं आहे हे मला तारखेसकट वाचून दाखवलं. मग टीटी शेवटचं कधी घेतलंस? आठवत नाही म्हटल्यावर जी काही नजर होती ती गॉगलमधूनही कळली.

एवढ्यात जावई वल्हवत आला. तो वळणापलीकडे होता. म्हणाला, काय आई, काही लागलं का?

मावशी म्हणाल्या, हो, दोन.

ट्रिपचे पैसे मी परत द्यायला निघालो तर जावई घेईना. अर्जंट केअरला मात्र मावशी स्वतः आल्या माझ्याबरोबर, ओल्या सलवारीत. डॉक्टरांनी टिटॅनसचं इंजेक्शन दिलं, गोड्या पाण्यातल्या जखमा चिघळतात म्हणून अँटिबायोटिक पण लिहून दिलं, आणि हे काढलं कुणी म्हणून विचारलं. मी मावशींकडे बोट दाखवलं. मावशींनी त्यांना इंग्रजीत एकच प्रश्न विचारला, गोळ्या किती दिवस.

त्या आठवड्यात माझ्या डब्यातल्या एकूण एक गळाचे काटे मी टीव्हीसमोर बसून दाबले, चाळीस-पन्नास लूर, उजवी बोटं दुखून आली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून व्हॉट्सअ‍ॅप सुरू. सूज आहे का. ताप? लाल रेघ वर चढतेय का बघ. फोटो पाठव. उजेडात काढ. रोज सकाळी साडेसातला, न चुकता. मी पाठवत गेलो. नवव्या दिवशी मी विसरलो तर लेकीचा फोन आला, आई विचारतेय.

दहाव्या दिवशी फोटो पाठवला त्यावर उत्तर आलं, छान. आता हाताचे नको, माशाचे पाठव.