पणजीचं नाव शेवटी फेरफारात सापडलं (माझा अनुभव)

आमच्या घरात आजोबांच्या आईचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. आजोबा तान्हे असताना ती गेली, पणजोबांनी दुसरं लग्न केलं, आजोबा सावत्र आईलाच आई म्हणत मोठे झाले आणि विषय तिथेच मिटला. बाबा आजीच्या श्राद्धाला बसले की गुरुजी आई, आजी, पणजी अशी तिन्ही नावं विचारतात, आणि दुसऱ्या नावाला, म्हणजे त्यांच्या आजीच्या (माझ्या पणजीच्या) नावाला, बाबा गप्प. मला ते फार लागायचं. एक बाई आपल्या घरात सून म्हणून आली, तिच्यामुळे आपण सगळे आहोत आणि तिचं साधं नाव नाही?

हाताशी होतं एकच वाक्य, आत्याने आजोबांच्या तोंडून ऐकलेलं, "मी संपाच्या वर्षी जन्मलो." पणजोबा लालबागला गिरणीत होते, म्हणजे हा मुंबईतल्या कापड गिरण्यांचा 1928चा सार्वत्रिक संप, एप्रिलला सुरू झालेला तो थेट ऑक्टोबरपर्यंत. साल मिळालं म्हणून मी आधी वॉर्ड ऑफिसला गेलो. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969चा आहे, त्यातल्या कलम 17 प्रमाणे कुणीही फी भरून रजिस्टरमध्ये शोध घ्यायला लावू शकतो आणि दाखला मागू शकतो (मृत्यूच्या दाखल्यात कारण मात्र देत नाहीत). पण इतकी जुनी रजिस्टरं हाताने लिहिलेली, तारखेवार, नावावरून शोधायची सोयच नाही आणि मधली काही पानं गेलेली. पुढची-मागची सालं धरून शोध घ्यायला लावला, आजोबांचा जन्म नाही आणि पणजीचा मृत्यूही नाही.

मग घरी बसून नीट विचार केला. सहा महिने गिरणी बंद, पगार नाही, तर कोकणातला माणूस लालबागच्या खोलीत भाडं भरत कशाला बसेल, त्या संपात कितीतरी कामगार गावाला निघून गेले होते. आणि नोंद तर जिथे जन्म किंवा मृत्यू होतो तिथलीच. म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावचं कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूंच्या नोंदींची जुनी वही) बघायला तालुक्याला गेलो. सगळं मोडीत, त्यामुळे मोडी वाचणारे एक काका सोबत घेतले, त्यांनी ओळ न ओळ वाचली. पणजोबांच्या धाकट्या भावंडांच्या नोंदी निघाल्या, आजोबांची नाही.

काकांनीच विचारलं, "पहिलं बाळंतपण ना? मग माहेरी झालं असेल, माहेर कुठलं?" तेच तर माहीत नव्हतं!

उत्तर निघालं मुंबईतच. आजोबा चौथीपर्यंत म्युनिसिपालिटीच्या शाळेत होते. ती शाळा आता दुसऱ्या शाळेत विलीन झालीय, पण जनरल रजिस्टर तिथे जपून ठेवलेलं, मुख्याध्यापक बाईंनी स्वतः कपाटातून काढून दिलं. त्यात जन्मस्थळाच्या रकान्यात आमच्या गावाचं नाव नव्हतंच, खाडीपलीकडच्या दुसऱ्याच गावाचं होतं. मी तिथेच उभ्या उभ्या बाबांना फोन लावला.

त्या गावच्या कोतवाल बुकात 1928च्या पावसाळ्यात नोंद मिळाली. मुलगा, बापाचं नाव पणजोबांचं, मुलाच्या नावाची जागा कोरी (बारशाआधीच नोंद झालेली असणार), आणि खबर देणारा म्हणून एका माणसाचं नाव. हेच पणजीचे वडील असणार असं वाटलं, पण पणजीचं स्वतःचं नाव कुठेच नाही. इतक्या जवळ येऊन अडकलो याचं त्या दिवशी खूप वाईट वाटलं.

पुढचा रस्ता जमिनीच्या कागदांनी दाखवला. त्या वडिलांच्या नावाने सात-बारा आणि जुने फेरफार (जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी) काढायला अर्ज केला. ते वारले ते 1956चा हिंदू वारसा कायदा आल्यानंतर. त्या कायद्याने मुलगी वारस झालीच, पण मुलगी बापाआधी वारली असेल तर तिची मुलंही वारस झाली. त्यामुळे वारस नोंदीच्या फेरफारात मुलांच्या नावांखाली "मयत मुलगी" म्हणून तिचं नाव, आणि तिचा वारस म्हणून माझ्या आजोबांचं पूर्ण नाव, राहणार मुंबई! 1956च्या आधी ते वारले असते तर मुलगे असताना मुलीचं नाव तिथे आलंच नसतं. नाव इथे लिहीत नाही, ते घरातलं आहे. बाबांनी ती नक्कल हातात घेऊन तीन-चारदा मोठ्याने वाचली आणि मग आत्याला वाचून दाखवली.

मृत्यूची नोंद अजून मिळालेली नाही. बाळंतपणातच गेली की नंतर, आमच्या गावी की माहेरी, काही कळत नाही, म्हणून आता माहेरच्या गावची 1928 ते 1930ची मृत्यूची पानं मागितलीत. तुमच्याकडेही कुणी बाई अशी हरवली असेल तर तिच्या मुलांचे शाळेचे दाखले आधी काढा आणि जन्मस्थळाचा रकाना बघा, मग तिच्या वडिलांच्या जमिनीचे 1956 नंतरचे वारस फेरफार मागा.