तुम्ही विचारलंत म्हणून: पेसर्स नशिबावर फायनलला गेले का?

‘पेसर्स फायनलपर्यंत पोचले ते नशिबावरच ना?’ जून २०२५ पासून हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. ऑफिसात विचारतात, भाचा विचारतो, आणि नागपाड्याच्या बास्केटबॉल कोर्टाबाहेर बसणारी जुनी खेळाडू मंडळी तर विचारतही नाहीत, थेट निकालच देतात: ‘अरे, लक होतं लक!’ त्यापाठोपाठ जोडप्रश्न येतो. मुंबईत राहून हे इंडियाना पेसर्स कुठून काढलंस? लेकर्स नाही, वॉरियर्स नाही, एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं, एकही टायटल नसलेली टीम?

जोडप्रश्न आधी उरकते. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएच्या टीम पहिल्यांदा भारतात खेळल्या, त्या वरळीच्या एनएससीआय डोममध्ये. सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स, दोन प्री-सीझन सामने. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचेच, त्यामुळे अर्ध्या डोमने किंग्ज आपले मानले होते. पेसर्सनी दोन्ही सामने जिंकले. पहिला तर ओव्हरटाइममध्ये, १३२-१३१, एका पॉइंटने. शकुनच म्हणा. मी गेले होते ती कुठलीही एनबीए टीम डोळ्यांनी बघायला मिळावी म्हणून, आणि परतले ती पेसर्सची होऊन. त्या टीममधले मायल्स टर्नर आणि टी. जे. मॅककॉनेल २०२५ च्या फायनललाही होते. गंमत अशी, की फेब्रुवारी २०२२ मध्ये याच किंग्जनी टायरीस हॅलिबर्टन नावाचा पोरगा पेसर्सना देऊन टाकला आणि डोमांटस सबोनिसला घेतलं. वरळीत सबोनिस पेसर्सचा होता.

आता मूळ प्रश्न. नशीब म्हणणाऱ्यांची बाजू लंगडी नाही, हे आधीच सांगते. प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत, प्रत्येक फेरी ही आधी चार सामने जिंकण्याची मालिका असते. त्यात मिलवॉकीच्या डेमियन लिलार्डचं अकिलिस, म्हणजे टाचेमागची शीर, मालिका चालू असतानाच फाटलं. ६४ सामने जिंकून आलेल्या क्लीव्हलँडचे तीन महत्त्वाचे खेळाडू मालिकेतल्या दुसऱ्या सामन्यात बाहेर बसले होते. बोस्टनच्या जेसन टेटमचंही अकिलिस गेलं आणि न्यूयॉर्कने बोस्टनला घरी पाठवलं, त्यामुळे आदल्या वर्षी आम्हाला ४-० धुणारी टीम समोर आलीच नाही. आणि मग त्या चार बास्केट. मिलवॉकीविरुद्ध शेवटचा सेकंद उरताना, क्लीव्हलँडविरुद्ध १.१ सेकंद असताना, न्यूयॉर्कविरुद्ध बझरबरोबर आणि ओक्लाहोमा सिटीविरुद्ध ०.३ सेकंद राहिलेले असताना. चारही हॅलिबर्टनच्या, चार वेगवेगळ्या मालिकांत, एकाच उन्हाळ्यात. याच हॅलिबर्टनला एप्रिलमध्ये खेळाडूंच्याच निनावी मतदानात लीगमधला सगळ्यात जास्त उगाच डोक्यावर घेतलेला खेळाडू ठरवलं होतं!

क्लिप बघणाऱ्याला या चार बास्केटच दिसतात. बॉल हवेत, बॉल आत, पोरं उड्या मारतायत. माझं म्हणणं एवढंच आहे, की क्लिपच्या आधीचा मिनिट बघा.

मिलवॉकीविरुद्धचा पाचवा सामना घ्या. ओव्हरटाइम, चाळीस सेकंद राहिलेले, ११८-१११. सात पॉइंट मागे. आपल्याकडे पहाटे उठून मॅच लावलेली माणसंही एव्हाना चहा ठेवायला गेलेली असणार. आमच्या अँड्रू नेम्बार्डने थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटची बास्केट, मारला. चार राहिले. मिलवॉकीने बॉल आत टाकला, तो नेम्बार्डनेच गॅरी ट्रेंटकडून हिसकावला आणि हॅलिबर्टनने बास्केट केली, वर फाउलबद्दल मिळालेला फ्री थ्रो (एक पॉइंटचा मोकळा फेक) टाकून फरक एकावर आणला. मग पुन्हा ट्रेंटकडे पास आला आणि बॉल त्याच्या हातांतून निसटून रेषेबाहेर गेला. याच ट्रेंटने थोड्या वेळापूर्वी त्याच ओव्हरटाइममध्ये एकामागून एक थ्री टाकून आमच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. हात कच्चे असलेला खेळाडू नव्हे तो. मग साधा पास का निसटला?

माझं उत्तर: कारण तोवर त्या हातांनी पन्नासेक मिनिटं पेसर्सना तोंड दिलं होतं. रिक कार्लाइल या कोचने ही टीम बांधलीच अशी, की समोरच्याला श्वास घ्यायला जागा मिळू नये. कोर्ट ९४ फूट लांब असतं. बहुतेक टीम अर्ध्या कोर्टापासून बचाव करतात, कारण सबंध कोर्टभर माणसाच्या मागे लागणं पायांना परवडत नाही. पेसर्स पहिल्या फुटापासून लागतात. बास्केट खाल्ली तरी पुढच्या क्षणी बॉल आत टाकून पळत सुटतात. आणि हे परवडावं म्हणून कार्लाइल नऊ-दहा जणांना खेळवतो, तेही प्लेऑफमध्ये, जिथे बाकीचे कोच सात-आठ जणांवर येतात. बेंचवरून येणाऱ्याला सांगितलेलं असतं: जेवढी मिनिटं आहेस तेवढी जीव तोडून पळ, मग बस. शेवटच्या मिनिटाला पेसर्सचे पाय ताजे आणि समोरच्याचे शिशाचे, असा तो हिशोब. थकलेला माणूस आधी पाय गमावतो, मग पास, आणि सगळ्यात शेवटी फ्री थ्रो.

क्लीव्हलँडचंही तेच झालं. पन्नासेक सेकंद राहिले असताना सात पॉइंटची आघाडी, मग बॉल आत आणतानाच गडबड, आणि बघता बघता फरक तीनवर. हॅलिबर्टनला दोन फ्री थ्रो मिळाले, पहिला गेला, दुसरा चुकला. चुकलेला बॉल पाच जणांच्या गर्दीत कुणी पकडावा? त्यानेच. मागे सरकून थ्री, १२०-११९. इथे नशीबवाले म्हणतात, दुसरा फ्री थ्रो आत गेला असता तर पेसर्स एका पॉइंटने मागेच राहिले असते, चुकला म्हणून जिंकले. ठीक आहे. पण रिबाउंड घ्यायला तो एकटाच हलला, बाकीचे जागच्या जागी होते. ते का, ते मी वर सांगितलंय.

आणि न्यूयॉर्क! मॅडिसन स्क्वेअर गार्डन, कॉन्फरन्स फायनलचा, म्हणजे फायनलच्या आधीच्या फेरीचा, पहिला सामना, २२ मेची आपली सकाळ. तीन मिनिटांपेक्षा कमी वेळ आणि चौदा पॉइंटची पिछाडी. तिथून एरन नेस्मिथ नावाचा एक एरवी गप्प राहून राबणारा खेळाडू थ्रीमागून थ्री मारत सुटला. चौथ्या क्वार्टरमध्ये सहा थ्री. बोस्टनने २०२२ मध्ये सोडलेला माणूस हा. समोर न्यूयॉर्क निक्सच्या टाउन्सचा एक फ्री थ्रो हुकला, मग अनुनोबीचा एक हुकला. दोनचा फरक राहिला. हॅलिबर्टन आत घुसला, परत बाहेर आला आणि बझरच्या आत बॉल सोडला. तो रिंगच्या मागच्या कडेवर आपटला, बोर्डच्याही वर उडाला आणि सरळ खाली जाळीत पडला.

हे नशीब. हे मी लिहून द्यायला तयार आहे. दहापैकी नऊ वेळा तो बॉल बाहेर जाईल.

हॅलिबर्टनला वाटलं थ्री गेला, आपण जिंकलो. त्याने दोन्ही हात स्वतःच्या गळ्याला लावले. १९९४ मध्ये याच गार्डनमध्ये पेसर्सच्या रेजी मिलरने निक्सचे कट्टर चाहते स्पाइक ली यांच्याकडे बघून हीच खूण केली होती. त्याच्या पुढच्या वर्षी मिलरने इथेच नऊ सेकंदांच्या आत आठ पॉइंट काढून निक्सच्या तोंडचा सामना पळवला होता. आणि २०२५ च्या त्या रात्री मिलर स्वतः कोर्टाशेजारी कॉमेंट्रीला बसलेला! पण हॅलिबर्टनच्या बुटाचं टोक तीन पॉइंटच्या रेषेवर होतं. दोनच पॉइंट, १२५-१२५. खूण करून झाली आणि सामना अजून बाकी. म्हणजे नशिबाने दिलं काय, तर आणखी पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत निक्स पुन्हा पुढे गेले, त्यांच्या जेलन ब्रन्सनच्या नावावर सामन्यात एकूण ४३ पॉइंट लागले, आणि तरी पेसर्स १३८-१३५ जिंकले. ती पाच मिनिटं कुणी क्लिपमध्ये दाखवत नाही.

शिवाय आदल्या वर्षीचं कुणाला आठवत नाही. २०२४, बोस्टन, कॉन्फरन्स फायनलचा पहिलाच सामना. पेसर्स तीनने पुढे, बॉल आमच्याकडे, काही सेकंद उरलेले. बॉल आम्ही घालवला, बोस्टनच्या जेलन ब्राउनने कोपऱ्यातून थ्री टाकला, ओव्हरटाइममध्ये हरलो आणि मग मालिकाच ४-० गेली. तेव्हा कुणी ‘बोस्टनचं लक’ म्हणालं नाही. म्हणाले, पेसर्सना जिंकता येत नाही.

फायनलबद्दल मात्र माझं मत माझ्याच गोतावळ्यात कुणाला पटत नाही. ओक्लाहोमा सिटी थंडर म्हणजे त्या मोसमात ६८ सामने जिंकलेली टीम. पहिल्या सामन्यात पेसर्सनी पहिल्या हाफमध्येच १९ वेळा बॉल घालवला, चौथ्या क्वार्टरमध्ये पंधराने मागे होते, आणि १११-११० जिंकले. सबंध सामन्यात आघाडी फक्त शेवटचे ०.३ सेकंद. तिसऱ्या सामन्यात मॅककॉनेल बेंचवरून आला आणि पाच स्टील, म्हणजे बॉलच्या चोऱ्या, करून गेला. त्याची एक खोड आहे, ती बघाच. समोरच्यांनी बास्केट खाल्ली, की त्यांचा माणूस बॉल उचलून रेषेबाहेर जातो आणि सवयीने, न बघता, जवळच्या गड्याकडे टाकतो. मॅककॉनेल पाठ फिरवून परत चालल्यासारखं करतो, मान खाली, जणू दमलाय. बॉल हातातून सुटला की गर्रकन वळून मधे. उंची सहा फूट एक इंच, एनबीएच्या मानाने बुटकाच, २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, कुणी घेतलासुद्धा नव्हता. ही चोरी त्याने थंडरसारख्या टीमकडे एकाच सामन्यात पुन्हा पुन्हा केली. दर वेळी माझ्या तोंडून शिट्टी.

पेसर्स २-१ पुढे झाले. चौथा सामना इंडियानापोलिसला, चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला सातने आघाडी. लोक म्हणतात फायनल सातव्या सामन्यात गेली, हॅलिबर्टन पडला तेव्हा. मी म्हणते ती इथे गेली. थंडरचे त्या सामन्यात तीनच थ्री गेले, आख्ख्या सामन्यात तीन, आणि तरी ते १११-१०४ जिंकले. त्यांच्या शाय गिल्जस-अलेक्झांडरने शेवटच्या पाच मिनिटांत पंधरा पॉइंट काढले. नेम्बार्ड त्याला कोर्टभर चिकटून होता, पण आता पाय नेम्बार्डचेही जड झाले होते. कारण थंडरकडेही दहा माणसं होती, तीही पहिल्या फुटापासून मागे लागणारी. आमचंच औषध आम्हाला मिळालं. शेवटची मिनिटं आमची असतात हे जे मी वर सांगितलं, ते दोन महिन्यांत पहिल्यांदा खोटं ठरलं ते त्या शनिवारी सकाळी.

सातव्या सामन्याचं थोडक्यात. हॅलिबर्टनची पोटरी आधीच दुखावलेली होती. तरी उतरला, तीन थ्री मारले, नऊ पॉइंट केले आणि पहिल्याच क्वार्टरमध्ये अकिलिस फाटून जमिनीवर हात आपटत राहिला. लिलार्ड, टेटम, हॅलिबर्टन: एकाच प्लेऑफमध्ये तीन अकिलिस, आणि तिघांच्याही जर्सीचा नंबर शून्य. मग सांगा, नशीब नक्की कुणाच्या बाजूने होतं? त्याच्याशिवायही हाफटाइमला पेसर्स ४८-४७ पुढे होते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये थंडरने ३४-२० काढले आणि १०३-९१ ने टायटल नेलं. पेसर्सच्या बेनेडिक्ट मॅथ्युरिनने २४ पॉइंट, १३ रिबाउंड केले. त्या कामगिरीचं नाव कुणी घेत नाही, म्हणून मी घेतलं. त्याला खेळवायला नको होतं असं हॅलिबर्टनबद्दल बरेच जण म्हणतात. मला पटत नाही. फायनलचा सातवा सामना आहे आणि पाय चालतोय, तर कुठला खेळाडू बसेल?

पुढच्याच महिन्यात टर्नर गेला, तोही मिलवॉकीला. हॅलिबर्टन २०२५-२६ च्या सबंध मोसमात नाही असं टीमने जाहीर केलं. अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन या जुन्या लीगची तीन टायटलं तेवढी कपाटात, एनबीएचं खातं अजून कोरं.

‘मग वाईट नाही वाटत?’ वाटतं की! सातव्या सामन्याचा तिसरा क्वार्टर मी पुन्हा लावलेला नाही, लावणारही नाही. न्यूयॉर्कचा सामना मात्र माझ्याकडे आहे. ज्याला नशिबाबद्दल वाद घालायचाय त्याने घरी यावं, चहा माझा. अट एकच, सामना पहिल्या क्वार्टरपासून बघायचा. ‘शेवटची तीन मिनिटं तेवढी लाव’ म्हणणाऱ्यांनी आपल्या फोनवर बघावं.