अ‍ॅनिव्हर्सरीला कुठे जायचं, तुम्ही विचारलंत म्हणून

ओळखीत कुणाच्याही लग्नाचा वाढदिवस जवळ आला की मला फोन येतो, अगं तू सारखी बाहेर खातेस ना, एखादं मस्त फाइन डायनिंग सांग, बजेटचं बघू. (बजेटचं बघू म्हणणारेच नंतर मेन्यू उजवीकडून वाचतात, असो.) मुंबईपुरतंच सांगते, कारण मी ठाण्यात राहते आणि माझी धाव तेवढीच.

आधी कालनिर्णय उघडा, मग झोमॅटो. हसू नका. एका वर्षी आमची तारीख नेमकी संकष्टीला आली, आणि उपास मी नाही, नवरा करतो, लहानपणापासून, त्यात तडजोड नाही. मला कळलं दोन दिवस आधी, तेही सासूबाईंनी सहज विचारलं म्हणून. टेबल आठचं, अ‍ॅडव्हान्स भरलेला, चंद्रोदय नऊनंतर. हॉटेलात फोन केला तर म्हणाले, मॅडम मेन्यू फिक्स आहे, बदल होत नाही, आणि दुसरं बुकिंग असल्यामुळे साडेनऊला टेबल सोडावं लागेल. म्हणजे चंद्र उगवेपर्यंत आम्ही पाण्याचे घोट घेत बसायचं आणि उगवला की उठायचं! अ‍ॅडव्हान्स गेला तो गेलाच.

मग चिडून दुसरीकडे फोन लावला, सगळं एका दमात सांगितलं, तर पलीकडच्या बाईंनी एवढंच विचारलं, "चंद्रोदय किती वाजता आहे? आणि कांदा-लसूण चालेल ना?" झालं, मी तिथेच विकली गेले. त्यांनी टेबल नऊचं दिलं. लोअर परळच्या टॉवरांमध्ये चंद्र काही दिसला नाही, नवऱ्याने घड्याळ बघून हात जोडले, आणि पहिला घास म्हणून आतून केळ्याचं काहीतरी छोटंसं गोड आलं जे मेन्यूवर नव्हतंच. बाकी काय खाल्लं ते मला आता धड आठवत नाही, ते केळं आठवतं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलीये. फोन करायचा, अ‍ॅपवरून बुकिंग नाही, आणि आपली एक खरी अडचण सांगायची, गुडघे दुखतात, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, एक शाकाहारी आणि एक मासेखाऊ, काहीही. उत्तरावरून सगळं कळतं. त्याच फोनवर टेबल वॉशरूमच्या दारापाशी नाही ना आणि म्युझिक किती वाजता वाढवतात तेही विचारा, कारण शनिवारी रात्री काही ठिकाणी शेजारी बसलेल्या नवऱ्याला व्हॉट्सअ‍ॅप करावा लागतो. तारीख शनिवारी असेल तर सरळ मधल्या वारी जा. आणि अ‍ॅनिव्हर्सरी आहे हे सांगा, पण टाळ्या वाजवायच्या नाहीत हेही सांगा.

नावंच हवी असतील तर. महालक्ष्मीला जुन्या मिलच्या आवारात मास्क नावाचं रेस्टॉरंट आहे, 2016 पासून, तिथे टेस्टिंग मेन्यू म्हणजे ते वाढतील ते क्रमाने खायचं, आशियातल्या 50 बेस्ट रेस्टॉरंट्सच्या यादीत 2023 ला ते 16 वं होतं. पण ज्याला तिसऱ्या कोर्सला "भात कधी येणार" असा प्रश्न पडतो त्याला तिथे नेऊ नका, पैसे जातील आणि भांडण होईल. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना मी कमला मिल्समधलं बॉम्बे कॅन्टीन सांगते, तिथे खाणं ओळखीचं वाटतं आणि कुणी बिचकत नाही. सासू-सासऱ्यांची पन्नाशी असेल तर ताजमधलं गोल्डन ड्रॅगन, सत्तरच्या दशकापासून चालू आहे, चायनीज आहे त्यामुळे ताटं मध्ये ठेवून वाटून खाता येतं. आणि डिनरच कशाला, असं वाटणाऱ्यांनी त्याच ताजच्या सी लाउंजमध्ये संध्याकाळी चहाला जावं, खिडकीतून गेटवे दिसतं. मिशलिन स्टारवालं कुठलं, असं विचारू नका, ज्या मिशलिन गाइडमध्ये रेस्टॉरंटना हे स्टार देतात ते भारतासाठी निघतच नाही.

बिलाचं पण सांगून ठेवते. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये खाण्यावर जीएसटी 5 टक्के, पण खोलीचं भाडं रात्रीला 7,500 च्या वर असलेल्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये 18 टक्के, म्हणजे दहा हजारांच्या जेवणावर सरळ तेराशेचा फरक. दारूला जीएसटी नाही, व्हॅट वेगळा. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही, मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानेही तेच सांगितलंय, तेव्हा सर्व्हिस आवडली नसेल तर काढायला सांगा, लाजू नका. आणि बसल्याबसल्या "स्टिल की स्पार्कलिंग" विचारतात ना, म्हणजे बाटलीतलं नेहमीचं पाणी की बुडबुड्यांचं, तेव्हा बाटली नको, साधं पाणी म्हणायचं, नाहीतर बाटलीचे वेगळे लागतात. आमचे एकदा लागलेत, नवरा अजून तो विषय काढतो.

यंदा आमची तारीख बुधवारी आहे, संकष्टी वगैरे काही नाही. तरी नवऱ्याने त्याच बाईंना फोन करून टेबल नऊचंच घेतलंय.