पांढऱ्या सशांच्या कानावर नंबर गोंदताना

न्यूझीलंड व्हाइट जातीचे ससे पाळले की एक अडचण ठरलेली. सगळे पांढरे, सगळ्यांचे डोळे लाल. पिल्लं आईजवळ असतात तोवर पिंजऱ्यावरच्या पाटीवर भागतं. महिना-सव्वा महिन्यानं दूध तोडून ती मोठ्या पिंजऱ्यात एकत्र आली की कोण कुणाचं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. त्यात मादी ३१ दिवसांत विते. नोंद हुकली तर सख्खी भावंडं जोडीला लागायला वेळ लागत नाही. नाशिकजवळ आडगावच्या मळ्यात आमचं काम लहान आहे, त्यामुळे रक्त जवळ येण्याची भीती जास्तच.

आधी मार्करनं कानात आकडे लिहून पाहिले. पिल्लं एकमेकांना चाटतात, आठवड्याभरात सगळं साफ. शेळ्यांना घालतात तसा बिल्ला सशाच्या पातळ कानाला झेपत नाही, जाळीत अडकला तर कानच फाटतो. ब्रिटनमध्ये मागच्या पायात धातूचं कडं घालतात, पण ते ठरावीक वयातच चढतं आणि जातीगणिक माप वेगळं. मायक्रोचिप उत्तम, पण ती वाचायला यंत्र लागतं. सकाळी घास टाकायला येणारा गडी ते कुठे घेऊन फिरणार? मग राहिलं गोंदण.

सासूबाईंच्या दोन्ही हातांवर गोंदण आहे. मी बेत सांगितला तर म्हणाल्या, "आम्हाला जत्रंत चौघींनी धरून बसवलं व्हतं. तुझ्या सशांना कोण धरनार?" प्रश्न अगदी नेमका होता. सशाला सुईपेक्षा धरण्यानं जास्त इजा होऊ शकते. त्याच्या मागच्या पायांत ताकद फार आणि पाठीचा कणा नाजूक. हवेत धरलेला ससा जोरात लाथ झाडतो तेव्हा कमरेचा मणका मोडू शकतो, आणि मग त्या जनावराचं काही खरं नसतं. म्हणून आम्ही टेबलावर गोणपाट टाकलं, पिल्लू जाड टॉवेलात घट्ट गुंडाळलं, डोकं तेवढं बाहेर आणि ढुंगण पुतण्याच्या पोटाशी टेकवलेलं. काही व्हिडिओंत सशाला उताणा करून 'झोपवतात'. तो झोपत नाही, भीतीनं गोठतो. मला ती रीत अजिबात पटत नाही.

डॉक्टर आमच्याकडे गाईंसाठी यायचे, पण सशांचीही त्यांना चांगली माहिती होती. पहिली पिल्लं त्यांच्या देखत करायची, ही त्यांची अट. त्यांनी आधी प्रत्येक कानात टॉर्च मारून पाहिलं. कानात तपकिरी खपल्यांचे थर दिसले तर ती खरूज समजायची, त्या पिल्लाला सुई लावायची नाही. आधी उपचार, आणि तोही डॉक्टरांच्या हातानं. कुत्र्याच्या गोचिडांसाठी घरात आणलेलं फिप्रोनिल सशाला विषारी आहे, हे त्यांनी मुद्दाम दोनदा सांगितलं. आणखी एक, गोंदण्याआधी सशाला उपाशी ठेवायचं नाही. ससा ओकू शकत नाही, आणि त्याचं पोट रिकामं ठेवणं हाच धोका.

वयाचं म्हणाल तर आम्ही दोन महिन्यांच्या आसपासची पिल्लं घेतली. त्याहून लहान कानात आकडे मावत नाहीत. दूध तोडल्यापासून तोवर एका वेताची पिल्लं दुसऱ्या वेतात मिसळू द्यायची नाहीत, हे मात्र पाळावं लागतं. जागेची अडचण होते, पण त्याला इलाज नाही.

हत्यारं दोन प्रकारची मिळतात. चिमट्यात सुयांच्या टोकांनी बनवलेले आकडे बसवायचे आणि कानावर एकदाच दाबायचं. काम क्षणात होतं. पण आकडे उलटे दिसतात, म्हणून कानाला लावण्याआधी दर वेळी पुठ्ठ्यावर दाबून बघायचं. गुरांसाठीचे मोठे आकडे पिल्लाच्या कानाला चालत नाहीत. दुसरं म्हणजे बॅटरीवरचं पेन. त्यानं टिंब टिंब काढत आकडा लिहायचा. वेळ जास्त जातो, ससा हलला तर आकडा वाकडा येतो, पण शीर चुकवून लिहिता येतं. आम्ही दोन्ही करून पाहिलं आणि पेनच ठेवलं. चिमट्याच्या कटकन आवाजानं पिल्लू दचकतं, तेही मला नको होतं. ज्यांच्याकडे शेकड्यांनी ससे आहेत त्यांना चिमटाच परवडेल.

कानाच्या मधोमध रोहिणी उभी जाते आणि दोन्ही कडांनी शिरा. कानामागे टॉर्च धरला की हे सगळं लाल रेषांसारखं स्वच्छ दिसतं. आकडे घालायचे ते या रेषांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात. ससा अंगातली उष्णता कानांवाटे बाहेर टाकतो, त्यामुळे उन्हाळ्यात या वाहिन्या फुगलेल्या असतात आणि चुकून टोचलं तर रक्त जास्त येतं. नाशिकची थंडी इथे कामाला आली, हिवाळ्यातली सकाळ आम्ही त्यासाठीच धरली.

नंबर कसा द्यायचा यावर घरात चांगलाच वाद झाला. अमेरिकेतल्या प्रदर्शनांत डावा कान मालकाच्या क्रमांकासाठी आणि उजवा नोंदणीसाठी राखलेला असतो. जर्मनीत डाव्या कानात जन्माचा महिना, वर्षाचा शेवटचा आकडा आणि अनुक्रम घालतात. मला ती पद्धत सुटसुटीत वाटली. कान पाहिला की वय कळतं. आई-बापाची नावं वहीत. पेन असल्यामुळे मराठी आकडे लिहावेत असा यांचा आग्रह होता, पण जर्मन मांडणीत इंग्रजी आकडेच ठेवले, कारण गिऱ्हाईक कुठलंही असू शकतं. इंग्रजी सहा आणि नऊ उलटसुलट वाचले जातात, म्हणून आकड्याचा पाय नेहमी कानाच्या बुडाकडे, असं ठरवून टाकलं.

प्रत्यक्ष काम असं. कानाची आतली बाजू सर्जिकल स्पिरिटनं पुसायची, कारण तेलकटपणा राहिला की शाई धरत नाही. ती सुकली की डॉक्टरांनी दिलेलं कातडी बधिर करणारं लिडोकेन-प्रिलोकेनचं मलम लावून वरून प्लास्टिक गुंडाळायचं आणि पाऊण-एक तास थांबायचं. या थांबण्याचाच लोकांना कंटाळा येतो. पण मलमाला तेवढा वेळ दिला नाही तर ते लावून उपयोग नाही. मग मलम पूर्ण पुसायचं, नाहीतर ससा चाटतो. त्यानंतर गोंदण, काळी गोंदणाचीच शाई. शिक्क्याची किंवा बॉलपेनची शाई वापरू नये. चिमटा वापरला तर शाई मऊ टूथब्रशनं छिद्रांत चोळावी लागते. शेवटी व्हॅसलिनचा पातळ हात. दोन पिल्लांच्या मध्ये सुई बदलायची किंवा निर्जंतुक करायची. एकाचं रक्त दुसऱ्याच्या कानात जाता कामा नये. रक्त आलंच तर कापूस दाबून धरायचा, चोळायचं नाही.

काही पिल्लं जरा कुरकुरली, बरीचशी नाक हलवत बसली. सोडल्याबरोबर लसूणघास खायला लागली, आणि डॉक्टरांना तेच बघायचं होतं. गोंदल्यानंतर दिवसभर खाणं आणि लेंड्या यांवर लक्ष ठेवायचं. दहा-बारा तास ससा खात नसेल, लेंड्या थांबल्या असतील, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठायचं.

पहिले काही दिवस कान काळपट माखलेला दिसतो. वरचेवर घासायचा मोह आवरायचा. खपली आपली आपण जाते आणि काही आठवड्यांत आकडे उघडे पडतात. तोवर पिंजऱ्याची पाटी काढू नये. एका मादीचा शेवटचा आकडा फिका पडला. कान पूर्ण बरा झाल्यावर तेवढाच पुन्हा गिरवला. कमी उजेडात वाचायचं असेल तर पुन्हा तोच टॉर्च कानामागे धरायचा.

आता ओळखीतले लोक आपले ससे गोंदायला आणू का विचारतात. पेन बघायला खुशाल या, पण सशांना तुमच्या डॉक्टरांकडे न्या, असं मी सांगते. बाहेरच्या सशाच्या कानात काय आहे ते माहीत नसताना त्याला आमच्या टेबलावर घ्यायची माझी तयारी नाही.