वसंतातल्या वादळांचा ४८ तासांचा अंदाज: बर्फाची पातळी अजून चकवते

वादळाची वेळ आता बऱ्यापैकी साधते. पाऊस कुठवर आणि बर्फ कुठून, ही उंची ठरवताना मात्र घोडं अडतं, म्हणून या वेळी भर तिच्यावरच.

आधी हवामानाचा अंदाज काढणाऱ्या संगणकी मॉडेलची जाळी. ९ ते १३ किलोमीटरच्या चौकटीत अरुंद दरी बुजते, शिखर बुटकं होतं. मॉडेलने बिंदूची उंची १५०० मीटर धरली आणि ठिकाण ११०० मीटरवर असलं, तर हजार मीटरला ६.५ अंश या हिशेबाने मॉडेलच्या तापमानात २.६ अंश वाढवायचे. पहाटे दरीत थंड हवा साचलेली असेल तर ही दुरुस्ती करू नये. चूक उलट वाढते.

हिमकण शून्य अंशाच्या पातळीखाली, म्हणजे गोठणपातळीखाली, साधारण २०० ते ३०० मीटर तग धरतात, कोरड्या हवेत त्याहून जास्त. त्यामुळे साध्या तापमानाऐवजी वेट बल्ब, म्हणजे बाष्पीभवनाने हवा जिथवर थंड होऊ शकते ते तापमान, पाहावा. दीड हजार मीटरवर ४ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब शून्याच्या जेमतेम वर असतो. सरी सुरू झाल्या की बाष्पीभवनाने हवा त्याच्या जवळपास उतरते. ॲपवर पाऊस, बाहेर बर्फ!

सगळ्यात फसवा असतो सरींचा जोर. बर्फ वितळताना भोवतालच्या हवेतली उष्णता शोषतो. बंदिस्त दरीत, वारा पडलेला असताना तास-दोन तास जोरदार सरी टिकल्या की खालचा थर शून्यावर येऊन थबकतो आणि बर्फ अंदाजापेक्षा कितीतरी खाली उतरतो. वारा सुटून वरची उबदार हवा मिसळली की पुन्हा पाऊस. याच वितळत्या थराचा रडारवर उजळ पट्टा दिसतो. त्याला मुसळधार पाऊस समजू नये, पण त्याची उंची जरूर टिपावी. मॉडेलची गोठणपातळी पडताळायला तिच्याइतकं हाताशी दुसरं काही नाही.

बर्फाची जाडी दाखवणारे बरेच नकाशे बर्फाची जाडी आणि त्यातलं पाणी यांचं १०:१ हे ठोक प्रमाण वापरतात. वसंतातल्या ओल्या बर्फाला ५ ते ८ पुरे. १२ मिलिमीटर पाण्याचे नकाशात १२ सेंटिमीटर, ६:१ ने सातच, आणि भर दुपारी उबदार जमिनीवर त्याहूनही कमी.

गडगडाटासाठी केप (हवेला वर उसळायला मिळणारी ऊर्जा) ५०० जूल प्रति किलो असली तरी भागतं, फक्त ५०० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीला, साधारण साडेपाच किलोमीटर उंचीवर, हवा उणे २५ च्या आसपास हवी. गोठणपातळी खाली असल्याने बारीक गारा वितळायच्या आत जमिनीवर येतात. सकाळचा ढगांचा थर फाटला नाही तर सगळंच फुसकं. दहाच्या सुमाराचं उपग्रह चित्र इथे मॉडेलच्या नव्या रनपेक्षा भरवशाचं.

पडताळणीत एक खोड कायमची. बादली उलटणाऱ्या पर्जन्यमापकाचं नरसाळं बर्फाने तुंबतं आणि दुसऱ्या दिवशी निरभ्र उन्हात 'पाऊस' नोंदतं. पांढऱ्या फळीवरचा बर्फ दंडगोल डब्याने कापून घ्यावा, वितळवून मोजावा आणि आदल्या दिवसाच्या खात्यात टाकावा, नाहीतर मॉडेल उगाच नापास होतं.