काकांच्या डोळ्यातला काळा चौकोन

पोर्ट्रेटच्या वर्गात माझा नियम एकच: मॉडेल समोर बसलंय तोवर काढायचं, फोटोवरून काढायचं नाही. त्या आठवड्यात मॉडेल म्हणून सत्तरीचे एक काका येत होते. भलेमोठे कान, गालांवर सुरकुत्यांचं जाळं. मुलं खूश होती. तीन बैठका झाल्या आणि चौथ्या दिवशी मी सगळी चित्रं भिंतीशी लावायला सांगितली.

एका चित्रापाशी गर्दी झाली. ग्राफाइटमधला, कागद भरून उरलेला चेहरा. पापणीचा केस न् केस, नाकावरची रंध्रं, खालच्या ओठावरची ओल. ज्याने काढलं होतं तो मुलगा पहिल्या दोन बैठकांना तापाने घरी होता, हे माझ्या हजेरीत लिहिलेलं. एका बैठकीत एवढं होत नाही. इतकी वर्षं पेन्सिल घासून मला होत नाही.

मी लगेच काही बोलले नाही. हात ताठ करून पेन्सिल धरली, एक डोळा मिटला आणि मापं घेतली. आधी खुर्चीतल्या काकांची, मग कागदावरच्या. नाक फुगलेलं, कपाळ मागे पळालेलं. आणि बाकी सगळ्यांनी हौसेने काढलेले ते कान इथे गालांमागे दडून बसलेले.

"फोन किती लांब धरला होतास?"

तो आधी गप्प. मग दोन्ही हातांनी वीत-दीड वीत अंतर दाखवलं. "मधल्या सुट्टीत काढला, मॅडम. काकांना विचारून."

फळ्यावर मी हिशेब मांडला. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत खोली साधारण 12 सेंटीमीटर धरा. फोन नाकापासून 30 सेंटीमीटरवर असेल तर कान 42 वर, म्हणजे नाकाच्या मानाने तो जवळपास 30 टक्क्यांनी लहान दिसणार. हेच अडीच मीटरवरून पाहिलं तर फरक जेमतेम 5 टक्के. यात भिंगाचा दोष नाही, सगळा खेळ अंतराचा आहे. "तू काकांचा चेहरा काढलेला नाहीस," मी म्हटलं, "तू दीड वीत अंतर काढलंयस."

वाक्य मला आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. पण पोरगा चिवट निघाला. "पण मॅडम, हुबेहूब तर आहे ना? वास्तववाद म्हणजे तेच ना?"

हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच, आणि दरवर्षी मी कूर्बे या फ्रेंच चित्रकारापाशी जाते. 1855 मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी निवड मंडळाने गुस्ताव कूर्बेची काही चित्रं नाकारली, तेव्हा त्याने जवळच स्वतःचा मंडप उभारला आणि त्यावर 'वास्तववाद' असं नाव लावलं. लोकांना खटकलं ते त्याचं हुबेहूब काढणं नव्हे. हुबेहूब तर त्याचे विरोधकही काढत होते, आणि बरेचदा जास्त गुळगुळीत. त्याने आपल्या गावातला साध्या माणसाचा अंत्यविधी सहा मीटरहून लांब कॅनव्हासवर, माणसाएवढी माणसं करून रंगवला. तो आकार तोवर राजे, संत आणि लढाया यांच्यासाठी राखीव होता. म्हणजे 'कसं काढलं' यापेक्षा 'कोणाला काढलं आणि केवढं' हा त्याचा वास्तववाद. त्याच्या अडीचशे वर्षं आधी काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराने येशूची आई मेरी हिच्यासमोर गुडघे टेकलेल्या यात्रेकरूचे मळके तळपाय थेट बघणाऱ्याच्या तोंडासमोर आणले होते, तेही याच जातीचं काम.

"आणि फोटोचं म्हणशील," मी पुढे रेटलं, "तर फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातल्या दागेरने 1838 मध्ये पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला. कित्येक मिनिटं प्रकाश आत घ्यावा लागायचा, त्यामुळे चालती माणसं, गाड्या, घोडे सगळे पुसले गेले. रस्ता ओस. उरला फक्त बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस, तो एका जागी उभा होता म्हणून."

घोड्याची गोष्ट मात्र मी घाईत उरकली, कारण ती माझ्या बाजूची नाही. जेरिको या फ्रेंच चित्रकाराने 1821 च्या शर्यतीच्या चित्रात घोडे चारही पाय पसरून हवेत तरंगवले आणि सगळ्यांना ते खरे वाटले. 1878 मध्ये मायब्रिज या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यांनी दाखवलं की चारही पाय जमीन सोडतात खरे, पण तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. तिथे कॅमेरा जिंकला.

आता उरला होता फक्त शेरा लिहायचा. 'प्रत्यक्ष अभ्यास नाही' असं लिहिण्यासाठी मी खाली वाकले आणि चित्रातल्या डाव्या डोळ्याशी थबकले. बुबुळावरच्या चकाकीत खिडकी होती, तावदानांसकट. खिडकीच्या मधोमध एक काळा उभा चौकोन. चौकोनाच्या कडेला चार बारीक रेघा.

"हे काय काढलंयस?"

"माहीत नाही, मॅडम. फोटोत होतं म्हणून काढलं."

ती त्याची बोटं होती. काळा चौकोन म्हणजे फोन. भुवया-पापण्यांत डोकं घालून बसलेल्या या मुलाने काकांच्या डोळ्यात स्वतःला काढलं होतं, आणि ते त्याच्या गावीही नव्हतं.

यान व्हॅन आयक या जुन्या चित्रकाराने 1434 मध्ये एका जोडप्याचं चित्र काढलं. त्यांच्या मागे भिंतीवर बहिर्गोल आरसा आहे, आणि आरशात जोडप्याची पाठ आणि दारात उभी असलेली दोन माणसं दिसतात. आरशाच्या वर लिहिलंय, व्हॅन आयक इथे होता. बुबुळ तरी दुसरं काय असतं? बहिर्गोल आरसाच. मुलाने तेवढी सही राखली होती, फक्त न कळत. आणि फोटोत दिसेल ते सगळं काढायच्या त्याच हट्टाने 1967-68 मध्ये चक क्लोज या अमेरिकन चित्रकाराने स्वतःच्या फोटोवरून पावणेतीन मीटर उंच चेहरा रंगवला, तेव्हा फोटोत फोकस सुटलेला भागही त्याने धूसरच ठेवला होता. तो चित्र चेहऱ्याचं नव्हे, फोटोचं काढत होता, आणि ते लपवत नव्हता.

आता शेऱ्यात काय लिहू? मी फळ्यावरच्या माझ्या आकड्यांकडे पाहिलं. तेवढ्यात काका खुर्चीतून उठून आले. चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मी म्हटलं, "काका, नाक जरा मोठं झालंय, कान लहान. फोन जवळ होता ना."

"कुठे मोठं?" काका म्हणाले. "मी असाच आहे की. रोज दाढी करताना बघतो."

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. दाढीचा आरसा वीतभर अंतरावर धरला, तर आपला चेहरा आपल्याला त्याच्या दुप्पट अंतरावरून दिसतो. म्हणजे जवळपास फोनच्याच अंतरावरून. अडीच मीटरवरचे ते मोठ्या कानांचे काका आम्हाला ओळखीचे होते. काकांनी त्यांना कधीच पाहिलेलं नव्हतं.

शेरा मी कोराच ठेवला. मुलाला म्हटलं, एक स्टूल घे आणि काकांच्या अगदी समोर बस, फोनच्या जागी. फक्त एक डोळा काढायचा. चकाकीसकट.

काका तयार झाले. दोघांचे गुडघे जवळजवळ टेकत होते. बाकीची मुलं आपापली चित्रं गुंडाळून गेली, तरी हा बसलेला. अर्ध्या तासाने जाऊन पाहिलं तर पापणी बरी जमली होती, खिडकीही होती, आणि मधल्या जागेत खोडरबरने घासून घासून कागदाची सालं निघाली होती.

"काय झालं?"

"मी जमत नाहीये, मॅडम," तो म्हणाला. "काकांच्या डोळ्यात मी दिसतो, पण काढायला मान खाली घातली आणि परत वर बघितलं की दर वेळी दुसरीकडेच असतो."

"मी तर हललोच नाही," काका म्हणाले.