पाच मिलिलिटर रक्तासाठी दहा महिने

आवक क्रमांक घ्या. बाकीचं सगळं पुढे सांगते, पण हे आधी. माणसाच्या रक्तावर काही प्रयोग करायचा असेल आणि एथिक्स कमिटीकडे, म्हणजे माणसांशी संबंधित संशोधन तपासून परवानगी देणाऱ्या समितीकडे, अर्ज देणार असाल, तर टेबलावर फाइल ठेवून परत फिरू नका. पोच मागा, तिच्यावर आवक क्रमांक आणि तारीख घालून घ्या. जुलै 2022 मध्ये मी नऊ प्रतींचा गठ्ठा दिला आणि परतीची एसटी चुकेल म्हणून पोच न घेता धावत सुटले. पुढचे दहा महिने मी त्या धावण्याची किंमत मोजली.

मी रत्नागिरीत एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि सोबत पीएचडी करते. कोळंबीच्या टरफलांपासून काइटोसान हा पदार्थ तयार करायचा, त्याचा पातळ पापुद्रा करायचा आणि बारीक कृत्रिम रक्तवाहिनीला आतून अस्तर म्हणून तो चालेल का हे तपासायचं, हा माझा विषय. पोटातल्या मोठ्या धमनीसाठी पॉलिएस्टरची नळी 1950 च्या दशकापासून वापरात आहे आणि ती टिकते. अडचण बारीक नळ्यांची. आतला व्यास 6 मिलिमीटरपेक्षा कमी झाला की कृत्रिम ग्राफ्टमध्ये, म्हणजे जोडलेल्या नळीत, गुठळी होते, नाहीतर जोडाच्या जागी आतली भिंत जाड होत जाऊन वाट बुजते. गुडघ्याखाली बायपास करायचा तर डॉक्टर आजही पहिल्यांदा पेशंटच्याच पायातली शीर शोधतात. माझे मामा बोटीवर खलाशी होते. त्यांच्या पायाची धमनी बंद झाली तेव्हा वापरण्यासारखी शीर दोन्ही पायांत मिळाली नाही, आणि पाय गुडघ्याखाली गेला. विषय निवडताना मार्गदर्शक मॅडमनी तीन पर्याय पुढे ठेवले होते. मी दुसऱ्या दोन्हींकडे बघितलंही नाही.

टरफलं मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरून आणली, आम्लाने त्यातला चुना काढला, अल्कलीने प्रथिनं काढली, मग दाट अल्कलीत तापवून काइटोसान केलं. यात काही अडलं नाही. (एक लक्षात ठेवा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. टरफलं मे महिन्यातच धुऊन, वाळवून भरून ठेवा.)

अडलं ते रक्ताशी.

रक्ताला लागणाऱ्या कुठल्याही पदार्थाची पहिली पायरी हिमोलायसिसची चाचणी. पदार्थ रक्तात ठेवायचा आणि तांबड्या पेशी फुटतात का ते बघायचं. काइटोसानच्या बाबतीत तर ते फारच गरजेचं. त्यावर धन भार असतो, तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ऋण. त्यामुळे पेशी त्याला चिकटतात आणि रक्त गोठायला मदत होते. जखमेवरच्या पट्टीत हाच गुण कामाला येतो, रक्तवाहिनीच्या आत तोच घात करतो. म्हणून माझ्या पापुद्र्यावर हेपॅरिनचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा, थर आहे. हे सगळं तपासायला मला तीन निरोगी माणसांचं प्रत्येकी 5 मिलिलिटर रक्त हवं होतं. नेहमीच्या रक्ततपासणीला जातं त्याच्या आसपासच. पण संशोधनासाठी म्हटलं की एथिक्स कमिटीची लेखी परवानगी लागते, आणि ती आधी लागते. रक्त घेऊन झाल्यावर मागितलेली परवानगी कुणी देत नाही, देऊही नये.

आमच्या कॉलेजला अशी कमिटी नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे आपल्याकडे कमिटी नसेल तर सामंजस्य करार करून दुसऱ्या संस्थेच्या कमिटीकडे जाता येतं. आम्ही घाटापलीकडच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेलो. पहाटेची एसटी, आंबा घाट, उतरल्यावर रिक्षा, आणि अकराच्या सुमारास टेबलासमोर उभी. अशा माझ्या सात खेपा झाल्या.

ऑगस्टच्या बैठकीत माझी फाइल आलीच नाही. फोन केला तर, "तुमची फाइल आमच्याकडे नाही." मी गेले. तिथल्या कारकुनांना म्हटलं, "काका, मी स्वतः या टेबलावर ठेवली होती." त्यांनी रजिस्टर काढलं, जुलैची पानं उलटली, माझं नाव कुठेच नाही. पाऊण तास शोधल्यावर कपाटाच्या खालच्या फळीवर, कुठल्यातरी जुन्या प्रबंधांच्या खाली, माझा गठ्ठा सापडला. वर बांधलेली माझी हिरवी नाडीसुद्धा सुटलेली नव्हती. पोच नसल्यामुळे मी काही बोलू शकत नव्हते. वर असंही कळलं की करारावर आमच्या कॉलेजचा गोल शिक्का नाही, त्यामुळे फाइल बैठकीत गेली असती तरी परत आली असती. दिलेल्या दिवशीच उघडून बघितली असती तर शिक्का दुसऱ्या दिवशी आणून दिला असता. राग मला शिक्क्याचा नाही. न उघडलेल्या नाडीचा आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

नोव्हेंबरच्या बैठकीला मी बाहेर बाकावर बसले होते. कमिटीत 7 ते 15 सदस्य असतात, बैठकीला किमान पाच लागतात, आणि त्यांत एक तरी संस्थेबाहेरचा हवा. सगळेच डॉक्टर असूनही चालत नाही. त्या दिवशी डॉक्टर पुरेसे होते, बाहेरचं कुणी आलं नव्हतं. दुपारी अडीचला बैठक रद्द झाल्याचं सांगितलं. नियम बरोबर आहे. ज्यांचा पगार त्याच संस्थेतून येतो त्यांनीच आपसात हो म्हणायचं आणि पेशंटच्या बाजूने बोलणारं कुणी नसायचं, हे चालणारच नाही. पण बाहेरचे सदस्य येणार आहेत की नाहीत हे आदल्या दिवशी फोन करून विचारता येतं, आणि मला एक निरोप देता आला असता. मी पहाटे साडेचारला घरातून निघाले होते.

माझीही एक चूक इथेच सांगते, कारण ती तुमची होऊ नये. अर्जात पुनरावलोकनाचा प्रकार विचारतात. मी 'पूर्ण समिती' यावर खूण केली, तेच जास्त भारदस्त असेल असं वाटून. सुईने थोडं रक्त घेणं हे आयसीएमआरच्या तत्त्वांत कमीत कमी जोखमीच्या किंचित वर धरलं आहे, त्यामुळे खूण बरोबर पडली, पण ती प्रकार न वाचताच; कमीत कमी जोखमीच्या प्रस्तावाला, आणि मंजूर प्रस्तावातल्या दुरुस्तीला, 'त्वरित पुनरावलोकन' मागता येतं. त्यासाठी पूर्ण बैठकीची वाट बघावी लागत नाही. निर्णय सदस्य सचिवांचा, पण मागणी आपण करायची. हे मला फेब्रुवारीत कळलं.

फेब्रुवारी 2023 मध्ये फाइल एकदाची चर्चेला आली, आणि मार्चमध्ये शेऱ्यांचं पत्र. चार शेरे. उरलेल्या रक्ताची विल्हेवाट कशी लावणार; तीनच माणसं का; रक्त घेणारी व्यक्ती प्रशिक्षित आहे का; आणि चौथा असा: "मराठी संमतीपत्र सर्वसामान्य व्यक्तीस समजण्याजोगे नाही."

चौथा मला झोंबला. मराठीत मला नेहमी चांगले मार्क असायचे. मी संमतीपत्र पुन्हा काढलं आणि मामीपुढे ठेवलं. मामी सातवी शिकलेली, पेपर रोज वाचते. पहिलंच वाक्य होतं: 'सदर प्रकल्पांतर्गत सहभागी व्यक्तीच्या शिरेतील रक्तनमुन्याचे रक्तसंलयन परीक्षणार्थ संकलन करण्यात येईल.' तिने दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "म्हणजे काय गो? रक्त घेतात की देतात?"

मी आधी इंग्रजीत लिहिलं होतं आणि मग मराठीत आणलं होतं. त्या रात्री इंग्रजी प्रत बाजूला ठेवली आणि मामीला तोंडाने सांगत गेले. ती जिथे अडायची तिथे थांबायचं, वेगळं सांगायचं, ते लिहून घ्यायचं. शेवटी झालं ते असं: 'तुमच्या हाताच्या शिरेतून सुईने 5 मिलिलिटर, म्हणजे एक लहान चमचाभर, रक्त घेऊ. कोळंबीच्या टरफलापासून आम्ही एक पातळ पापुद्रा केला आहे. तो या रक्तात ठेवून रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात का ते बघू. पापुद्रा तुमच्या अंगाला लावणार नाही. सुई टोचताना दुखेल, एखाद दिवस जागा काळीनिळी राहू शकते. तुम्हाला यातून काही फायदा नाही. नको वाटलं तर कधीही नाही म्हणा, कारण सांगायची गरज नाही.'

मामीने वाचलं आणि म्हणाली, "आता कळलं. पण मला कोळंबी खाल्ली की अंगावर गांधी उठतात. माझं रक्त चालेल?"

या प्रश्नावर मी दोन दिवस घालवले. कोळंबीची ॲलर्जी प्रामुख्याने तिच्या स्नायूंतल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळे येते. शरीरात त्याच्याविरुद्ध आयजीई प्रतिपिंडं तयार झालेली असतात, पुन्हा गाठ पडली की मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात आणि गांधी उठतात. काइटोसान हे प्रथिन नाही, पण टरफलाला चिकटलेलं मांस नीट निघालं नसेल तर प्रथिनाचे अंश त्यात राहू शकतात. रक्त देणाऱ्याला धोका नव्हता, पापुद्रा त्याला लागणारच नव्हता. पण उद्या हेच अस्तर एखाद्याच्या पायात बसवायचं असेल तर? माझ्या आराखड्यात उरलेल्या प्रथिनाची मोजणीच नव्हती. ती घातली, कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांचं रक्त घेणार नाही हे वगळण्याच्या निकषांत घातलं, आणि 31 मार्चला फाइल पुन्हा दिली. पोच घेऊन.

मे 2023 मध्ये परवानगी आली. पत्र हातात पडलं तेव्हा मी एसटी स्टँडवर उभ्या उभ्या तीनदा वाचलं आणि मॅडमना फोन केला. बोलता येईना.

आता मध्ये राहून गेलेल्या काही गोष्टी. वाट बघण्याच्या काळात मी पदार्थाची तपासणी उरकली, ते तुम्हीही करा, त्याला कुठलीही परवानगी लागत नाही. एक्सआरडीमध्ये (क्ष-किरण टाकून पदार्थाची रचना बघतात ती तपासणी, इथले अंश कोनाचे) काइटोसानची 10 आणि 20 अंशांच्या आसपास पसरट टेकाडं दिसतात. माझ्या पहिल्या नमुन्यात त्यांच्या पलीकडे 29.4 अंशांवर टाचणीसारखं एक टोक उभं होतं. ते कॅल्साइट, म्हणजे चुना पुरता निघालेला नव्हता. आम्लात बुडबुडे थांबले म्हणजे झालं असं समजू नका, टरफलं बारीक करून पुन्हा एकदा आम्लात टाका. एफटीआयआरसाठी, म्हणजे अवरक्त किरणांच्या तपासणीसाठी, पोटॅशियम ब्रोमाइडच्या गोळ्या करणार असाल तर जुलैत करू नका. आपल्या हवेत ती पूड बघता बघता ओलावा ओढते, आणि आलेखात 3400 च्या आसपास पाण्याचा असा फुगवटा येतो की खालचं काही वाचता येत नाही. करावंच लागलं तर पूड 110 अंशांवर ओव्हनमध्ये ठेवा आणि गरम असतानाच डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात, न्या.

आणि एंडोटॉक्सिन. बंदरावरच्या टरफलांवर जिवाणू असणारच. त्यातल्या ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे म्हणजे एंडोटॉक्सिन; ते, जिवाणू मेल्यावरही, आपल्या प्रतिकार करणाऱ्या मॅक्रोफेज पेशींना चेतवतात आणि ताप, सूज आणतात. ऑटोक्लेव्ह केलं, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलं, म्हणजे ते गेले असं नव्हे. काचेची भांडी 250 अंशांवर अर्धा तास कोरडी तापवावी लागतात. पदार्थ तापवता येत नाही, म्हणून तो धुण्याचं पाणीच सुरुवातीपासून एंडोटॉक्सिनमुक्त वापरा. एंडोटॉक्सिन तपासण्याचं एलएएल किट अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या हॉर्सशू क्रॅब या सागरी प्राण्याच्या निळ्या रक्तापासून होतं आणि 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. कुरियर शनिवारी निघणार नाही याची खात्री करा. माझं पहिलं किट सोमवारी पोचलं तेव्हा बर्फाच्या पिशव्या कोमट झाल्या होत्या. ते टाकून द्यावं लागलं, आणि त्याचे पैसे मी स्वतःच्या पगारातून भरले.

चाचणीचा दिवस जूनमध्ये आला, बाहेर पाऊस धो धो. गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेलं रक्त सलाइनमध्ये पातळ केलं, एका नळीत नुसतं सलाइन, एकीत ऊर्ध्वपातित पाणी, बाकीच्यांत माझे पापुद्रे. 37 अंशांवर एक तास, मग सेंट्रिफ्यूज. झाकण उघडताना माझे हात गार होते. पाण्याच्या नळीत वरपासून खालपर्यंत कोकम सरबताचा रंग, कारण तिथे सगळ्या पेशी फुटलेल्या. सलाइनच्या नळीत तळाला लाल बोंड आणि वर नितळ पाणी. माझ्या पापुद्र्यांच्या नळ्या मी उजेडाकडे धरल्या. त्याही नितळ होत्या. 540 नॅनोमीटरला मोजल्यावर आकडा 2 टक्क्यांच्या खाली आला, आणि एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या प्रमाणात 2 टक्क्यांपर्यंत पदार्थ पेशी न फोडणारा मानतात. हेपॅरिन नसलेल्या पापुद्र्याला मात्र पेशी चिकटून बसल्या होत्या, अपेक्षेप्रमाणे.

पुढची पायरी कॉम्प्लिमेंट तपासण्याची. परक्या पदार्थावर रक्तातली ही प्रथिनं किती जागी होतात ते बघायला प्रत्येकी आणखी 3 मिलिलिटर रक्त लागेल, म्हणजे जुन्या परवानगीत दुरुस्ती. तो अर्ज गेल्या मंगळवारी दिला. संमतीपत्र आधी मराठीत लिहिलं, मामीने वाचून दोन शब्द बदलले. त्वरित पुनरावलोकनावर खूण केली. काकांनी माझ्यासमोर नाडी सोडली, पानं मोजली, शिक्का मारला आणि आवक क्रमांक घातला. तो मी फोनमध्ये फोटो काढून ठेवला आणि मगच एसटीकडे निघाले.